आपलेच पैसे

३ मार्च

बारक्या,

आशीर्वाद आहेत आणि रागही आहे, दोन्ही एकाच पाकिटात घालते आहे. फोन तू उचलत नाहीस. घरच्या पत्त्यावर पत्र टाकलं असतं तर न फोडता ठेवून दिलं असतंस, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते. तिथे त्यावर शिक्का बसेल, कुणीतरी टेबलावर आणून ठेवेल आणि चारचौघांत तुला ते उघडावं लागेल. मोठी बहीण आहे मी, एवढं तुला ओळखते.

बारा वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागते आहे, आणि माझ्यासाठी नाही.

आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. दीड वर्ष झालं. तुला कळवलं नाही, कारण तिने शपथ घातली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिसला न्यावं लागतं. चार तास यंत्राला जोडून ठेवतात, रक्त धुऊन परत आत सोडतात. डाव्या हाताची एक शीर त्यासाठी फुगवून ठेवली आहे. तिच्यावर बोट ठेवलं की आत घरघर लागते. त्या हाताने ती काही उचलत नाही. पाणी मोजकंच प्यायचं, म्हणून तहान लागली की बर्फाचा खडा चघळत बसते. वर म्हणते, "म्हातारपणी गारेगार खायची हौस फिटली." जीभ शाबूत आहे तिची, तेवढी काळजी करू नकोस.

हे सगळं फुकट होत होतं, तुमच्या विकास निधीच्या उपचार-कार्डावर. हो, तू नोकरीला आहेस त्याच. ज्यांचं उत्पन्न रेषेखाली त्यांना निधीचं खातं आणि खात्याबरोबर कार्ड. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तुमची पाटीसुद्धा आहे, 'विकासाबाहेर कुणीही राहणार नाही'. काल दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईने कार्ड यंत्रात घातलं आणि परत दिलं. म्हणाली, "बंद झालंय हे. आजी आता गरीब नाहीत."

आई म्हणाली, "अगं बाई. मला कुणी सांगितलंच नाही."

खिडकीवरची बाई हसली नाही. कालचे पैसे मी माझ्या पगारातून भरले. कारखान्यात दिवसभर पुठ्ठ्याची खोकी दुमडून मला जे मिळतं, त्यात आठवड्याची एक फेरी कशीबशी बसते, आणि तीही घरभाडं थकवून. आठवड्याला एकाच फेरीवर आई किती दिवस काढेल, असं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दुसरीची सोय बघा.

खात्यात वर्षभर मोठ्या रकमा जमा झाल्या म्हणून संगणकाने तिला 'सक्षम' ठरवलं आहे. त्या रकमा कसल्या, हे जगात इतर कुणाला सांगावं लागलं तरी तुला सांगावं लागू नये. ती भिशी आहे. गल्लीची, तीच. पूर्वी आईच्या ट्रंकेत असायची. मग तुमची माणसं आली, घरात पैसे ठेवू नका म्हणाली. बाकीच्यांचे कागद अपुरे, कुणाचा अंगठा यंत्राला पटेना. आईचं खातं मात्र झालं होतं. सगळे म्हणाले, मग तुमच्यातच टाकू. महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांचे पैसे येतात आणि आठवड्याभरात, ज्याचा नंबर असेल त्याच्याकडे जातात. तुमच्या संगणकाने येणारे मोजले, जाणारे मोजले नाहीत.

मामा सांगत होते, तू निधीच्या पडताळणी विभागात आहेस. मग पडताळ की. परवा शुक्रवार आहे.

ताई


११ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर मिळालं. 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने' ही सुरुवात वाचून वाटलं, पोस्टमनने पाकीट चुकवलं. अर्ज कसला रे? पत्र होतं ते. शेवटी हाताने लिहिलेल्या चार ओळी होत्या, तेव्हा तुझं अक्षर ओळखलं. अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय.

नात्यातल्या माणसाच्या प्रकरणाला तुला हात लावता येत नाही. बरं. कार्ड बंद करण्याआधी खातेदाराला फोन केला होता, तो नोंदवून ठेवलेला आहे, आणि खातेदाराने पैसे स्वतःचेच असल्याचं मान्य केलं. हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आईला विचारलं, असं का सांगितलंस?

तिला तो फोन चांगला आठवत होता, कारण पलीकडची मुलगी फार अदबीने बोलत होती. आई म्हणाली, "तिने विचारलं, 'या खात्यातले पैसे आपले आहेत का?' मी म्हटलं, 'हो, आपलेच.' ती म्हणाली, 'सगळे?' मी म्हटलं, 'सगळे आपलेच आहेत गं, बाहेरच्या कुणाचे नाहीत.' खोटं काय बोलले मी?"

आता हसू की रडू, तू सांग. ती मुलगी शिष्टाचाराने 'आपले' म्हणाली, म्हणजे तुमचे, आजीबाईंचे. आई गल्लीच्या हिशेबाने 'आपले' म्हणाली, म्हणजे आपल्या सगळ्यांचे. आपला नळ, आपली भिंत, आपला इस्त्रीवाला, तसे आपले पैसे. या घरात आईला 'आपण' म्हणून कुणी कधी बोललंय का? एका शब्दावर तिचं कार्ड गेलं.

आणि तुझ्या त्या चार ओळींतली तिसरी. 'प्रश्नाचा मसुदा मीच केला होता, माझ्या लक्षात आलं नाही.' मी ती ओळ आईला वाचून दाखवली नाही. तू याच गल्लीत वाढलास, बारक्या. आपलं म्हणजे काय, हे तुझ्या लक्षात नाही आलं तर तिथे कुणाच्या येणार?

आता तू सुचवलेल्या वाटा. पहिली, भिशीतल्या सगळ्यांची नावं आणि ओळखक्रमांक देऊन आईने लिहून द्यायचं की पैसे यांचे आहेत. मग ज्याचे जेवढे, तेवढे ज्याच्या-त्याच्या उत्पन्नात धरले जातील. तू लिहितोस, प्रत्येकाला किरकोळच वाढेल. इथे सगळे रेषेला टेकूनच उभे आहेत रे. रेषा आम्हाला कधी दिसली नाही, ओलांडली की मात्र लगेच कळतं, काहीतरी बंद होतं. इस्त्रीवाल्या काकांच्या नातीचं वसतिगृह याच कार्डावर आहे. शिवणवाल्या मावशीचं धान्य याच कार्डावर आहे. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लोकांनी पैसे माझ्यापाशी ठेवले. नावं वाटायला नाही ठेवली." तो विषय संपला.

दुसरी वाट, खातं एक तिमाही शांत ठेवायचं. भिशी त्यात यायची नाही. मग पुढच्या तपासणीत कार्ड आपोआप सुरू होईल. हे मला पटलं, आईलाही पटलं. या महिन्याची भिशी मावशीकडे गेली आहे, तिला मोटरचं शिलाई मशीन घ्यायचंय. पुढच्या महिन्यापासून पैसे परत ट्रंकेत. तेवढा तुमचा विकास आमच्या घरातून बाहेर गेला म्हण.

पण ती तिमाही काढायची कशी? मागच्या शुक्रवारी आईला नेता आलं नाही. मंगळवारी नेलं. उद्या पुन्हा शुक्रवार आहे आणि कारखान्यातल्या मुकादमाने उचल द्यायला नकार दिलाय. तुमचं कॅलेंडर तिमाहीने चालतं, आईचं चार दिवसांनी.

ताई


१७ मार्च

बारक्या,

पैसे मिळाले. सोमवारी मनिऑर्डरवाला थेट कारखान्याच्या फाटकावर आला, बरं झालं. घरी आला असता तर आईने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

तिने नसते घेतले. मागे मामा म्हणाले होते, बारक्या आता चांगला कमावतो, त्याला कळवू का? त्यावर ती म्हणाली, "ज्याला दिलं नाही, त्याच्याकडून घेऊ?" आणि ताटावरून उठली. म्हणून मी तिला सांगितलं, कार्ड सुरू झालं. निधीवाल्यांना चूक कळली. डोळ्यांत डोळे घालून सांगितलं. ती म्हणाली, "बघ, सरळ माणसाचं सरळच होतं." काल तिला नेलं. तिला बाकावर बसवून मी एकटीच खिडकीवर गेले, पैसे भरले आणि पावती चोळीत खुपसली.

कालची फेरी चांगली झाली. येताना ती रिक्षातून बाहेर बघत होती, दुकानांवरच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. मध्येच म्हणाली, "बारक्याला गणित फार यायचं." बारा वर्षांत तिने तुझं नाव माझ्यासमोर घेतल्याची ही पहिली वेळ.

तुला तो दिवस आठवतो, मलाही आठवतो. तुला प्रवेश मिळाला होता, फी भरायची शेवटची तारीख होती, आणि ट्रंकेत तेवढीच रक्कम पडून होती. नंबर इस्त्रीवाल्या काकांचा. तू म्हणालास, काका महिनाभर थांबतील, विचार तरी. आईने विचारलंही नाही. म्हणाली, "पैसे घरात आहेत, पण घरचे नाहीत." आणि तू पिशवी उचलून म्हणालास, "मग मीही घरात होतो, घरचा नव्हतो." तुझा टोमणा तिच्यापेक्षा सवाई होता. ती अजून तो विसरलेली नाही.

परवा पुन्हा नेते. पैसे महिनाभर पुरतील. पुढचे पाठवशील तेव्हाही कारखान्याच्याच पत्त्यावर पाठव, आणि कृपा करून घरी काही लिहू नकोस.

ताई


२४ मार्च

बारक्या,

तिला कळलं.

काल खिडकीवर नवा माणूस होता. मी पैसे मोजत होते आणि त्याने बाकाकडे बघून हाक मारली, "रोखीवाल्या आजी कोण? या आत." आई उठली. माझ्या हातात नोटा. तिने एकदा नोटांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, "कार्ड सुरू झालंय ना?"

मी म्हटलं, "आई, आधी आत चल, मग बोलू."

"कुणाचे आहेत?"

मी नोटा मुठीत दाबल्या. तेवढं तिला पुरलं.

ती वळली आणि चालायला लागली. मी मागे. लोक बघत होते. दारापर्यंत मी हात धरला, तर म्हणाली, "तो हात धरू नको, यंत्राचा आहे." मी सोडला. रस्त्यावर मी ओरडले तिच्यावर, बारक्या. मी म्हटलं, मरायचंय का तुला? भर रस्त्यात. ती म्हणाली, "मरायचं नाहीये. फुकटचं जगायचं नाहीये." घरी येऊन तिने उरलेले पैसे माझ्याकडून मोजून घेतले. आज सकाळी माझ्यासोबत पोस्टात येऊन मनिऑर्डर केली. फॉर्मवर सही तिची आहे, बघशील. जे खर्च झाले तेही परत करायचे आहेत म्हणते, कसे ते देवाला ठाऊक.

मला तुझा राग येत नाही आता. तिचा येतो. असला ताठा गरिबाला परवडत नाही, आणि ते तिला सांगायची माझी हिंमत नाही.

ताई


२६ मार्च, दुपार

बारक्या,

हे पत्र पोस्टाने नाही. कारखान्याची गाडी खोकी घेऊन तुझ्या शहरात येते आहे, ड्रायव्हरच्या हातात देते. संध्याकाळपर्यंत तुला मिळेल.

आज शुक्रवार आणि आई घरीच आहे. मंगळवारही बुडाला, आजचाही बुडाला. पायावर बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. चेहरा सुजलाय. आडवं झालं की धाप लागते, म्हणून भिंतीला उशी लावून बसून आहे. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उद्यापर्यंत आणा, नंतर आणलंत तर आमच्या हातात काही राहणार नाही.

सकाळी शिवणवाली मावशी आली. पदराखालून पुरचुंडी काढून आईच्या पुढ्यात ठेवली. भिशीचे सगळे पैसे, अजून मशीन घेतलेलं नाही. म्हणाली, "माझा नंबर तुम्ही घ्या. तुमचा शेवटचा आहे ना, तो मी घेईन. अदलाबदल. मशीन कुठं पळून चाललंय?"

मी हिशेब केला. या पैशांत आणि माझ्या पगारात मिळून तिमाही निघते. पैसे तुझे नाहीत, उपकाराचे नाहीत, तिच्याच नंबरचे आहेत, थोडे आधी आलेले. मला वाटलं, सुटलो.

आईने पुरचुंडी परत सरकवली. मावशी बिचारी गोरीमोरी झाली. "माझं काही चुकलं का?" विचारत होती. आई म्हणाली, "तुझं नाही." मावशी गेल्यावर मी आईसमोर बसले. म्हटलं, आता याला काय कारण आहे? हे तर आपलेच आहेत.

तिने पाठीमागची उशी नीट करून घेतली. मग म्हणाली, "त्याने हेच मागितलं होतं. नंबर पुढेमागे करा, एवढंच. पोराच्या वेळी केलं नाही. आता माझ्या जिवासाठी केलं, तर त्याला काय वाटेल? की आई स्वतःसाठी करू शकत होती."

बारक्या, एवढंच आहे ते. नियम नाही, ताठा नाही. ती तुला घाबरते. तू तिकडे बसून काय म्हणशील, यासाठी ती इथे श्वास मोजते आहे. मी विनवलं, रडले, मावशीला परत बोलावलं, काही उपयोग नाही. तिला 'घे' म्हणू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो मी नाही.

निधीचं सोड. तो प्रश्न बदल किंवा बदलू नकोस. पैसे पाठवू नकोस. मला फोन कर. मी उचलून तिच्या कानाला लावीन. तुला राग असेल तर रागाने बोल, पण बोल. उद्या सकाळनंतर केलास तर माझ्याशीच बोलावं लागेल.

ताई


२८ मार्च

बारक्या,

फोनवर काय बोललास ते तुला माहीत आहे. इकडे काय झालं ते माहीत नाही, म्हणून लिहिते.

तुझा फोन आला तेव्हा काल नुकतं उजाडलं होतं. मी स्पीकर लावून तिच्या मांडीवर ठेवला. तू "आई" म्हणालास, तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आवाज जाड झालाय याचा." तुला ऐकू गेलं असेल. पण ती दोन्ही हातांनी फोन धरून होती, यंत्राच्या हातानेसुद्धा, ते तुला दिसलं नाही.

तू म्हणालास, मावशीचा नंबर घे. ती म्हणाली, "तुला दिला नव्हता." तू म्हणालास, "नव्हता दिलास. तेव्हा तू बरोबर होतीस असं मी आजही म्हणणार नाही. मला अजून राग आहे." मी फोन हिसकावून घेणार होते, खरं सांगते. तेवढ्यात तू म्हणालास, "पण तू गेलीस तर तो मी कुणावर काढू? तुझं मरण माझ्या नावावर लावू नकोस, आई. मला झेपायचं नाही."

त्यानंतर तुला वाटलं असेल की फोन बंद पडला. बंद पडला नव्हता, ती रडत होती. आवाज न करता, तोंडात पदर कोंबून. म्हणून तुझ्या "हॅलो, हॅलो"ला उत्तर आलं नाही. शेवटी "बरं" म्हणाली, तेवढं तू ऐकलंस.

तू ठेवल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "फार शहाणा झालाय." आणि मग, "माझी चप्पल कुठंय?"

मावशी पुरचुंडी घेऊन रिक्षातच बसली. दवाखान्यात आईला उचलून आत नेलं, श्वास अगदी वर गेला होता. काल यंत्र जास्त वेळ चालवलं. संध्याकाळी सूज थोडी उतरली, आज पाय ओळखू येतात. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. अजून दोन दिवस ठेवून घेणार आहेत. भीती पूर्ण गेलेली नाही, पण काल सकाळी होती तशी नाही.

आज दुपारी तिने मला खाटेवर शेजारी बसवलं आणि तुझ्यासाठी निरोप सांगितला. तो तिच्याच शब्दांत लिहायचा, अशी अट आहे. म्हणाली, "त्याला लिही, पुढच्या महिन्यापासून तो भिशीत आहे. नंबर सगळ्यात शेवटचा, मावशीच्याही मागे. दर महिन्याला सगळे भरतात तेवढेच भरायचे, एक रुपया जास्त नको. खात्यात टाकायचे नाहीत, तारीख चुकवायची नाही."

मी म्हटलं, मग मनिऑर्डर करेल तो.

"पाठवलेले मी घेत नाही," ती म्हणाली. "सगळे आणून देतात. त्यानेही आणून द्यायचे."

ताई